पत्रिकेवरची नऊ मूलद्रव्ये

हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी माती तपासायला देतो, तेव्हा त्याच्या हाती 'जमीन आरोग्य पत्रिका' येते. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या या योजनेच्या पत्रिकेवर बारा नोंदी असतात. सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब या तीन नोंदी जमिनीची एकूण प्रकृती सांगतात. उरलेल्या नऊ नोंदी एकेका मूलद्रव्याच्या असतात: नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, आणि पुढे गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन.

आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हे प्रकरण उघडा आणि तिथल्या सारणीत ही नऊ घरे पेन्सिलीने रंगवा. तीन गोष्टी लगेच नजरेत भरतात. एकूण घरे ११८, पण आपली नऊच्या नऊ पहिल्या तीस घरांत आली. नायट्रोजनच्या बरोबर खाली फॉस्फरस आला. आणि पोटॅशियम, मँगनीज, लोह, तांबे व जस्त ही पाच एकाच आडव्या ओळीत, चौथ्या ओळीत बसली.

यातली एकही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. प्रत्येकीमागे कारण आहे आणि ती कारणे उमगली की आवर्तसारणी उमगली. पहिली वीस नावे क्रमाने घोकून ती उमगत नाही. मूलद्रव्य कुठल्या रकान्यात आणि कुठल्या ओळीत आहे एवढे कळले, तर ते कशाशी जुळेल, कशाची जागा घेईल, आम्ल देईल की अल्क, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. हे सांगता येणे हेच या सारणीचे सामर्थ्य. ते हिंगोलीच्या काळ्या मातीत जितके स्पष्ट दिसते, तितकेच याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेतही दिसते.

रिकाम्या जागा सोडण्याचे धाडस

मूलद्रव्यांमध्ये काही नातीगोती आहेत, असा संशय रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होता. जर्मनीतल्या डोबेरायनर यांनी १८२९ साली तीन-तीन मूलद्रव्यांची त्रिके दाखवली. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम ही तिन्ही मऊ धातू, तिन्ही पाण्याशी जोराने अभिक्रिया करणारी. त्यांची अणुवस्तुमाने साधारण ७, २३ आणि ३९. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढा, मधले बरोबर मिळते. पुढे १८६५ मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली आणि दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते असे सांगितले. त्यांचा हा नियम कॅल्शियमपर्यंत नीट चालला, पुढे मात्र विसकटला.

यातून वाट कशी काढायची, हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांच्या १८६९ सालच्या सारणीने दाखवून दिले. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये माहीत होती. मेंडेलीव्ह यांनीही ती अणुवस्तुमानाच्या क्रमानेच मांडली, पण क्रम आणि स्वभाव यांत भांडण लागले तेव्हा त्यांनी स्वभावाची बाजू घेतली. आपल्या पत्रिकेवरच्या जस्ताचेच उदाहरण घ्या. त्याचे अणुवस्तुमान सुमारे ६५. त्या काळी माहीत असलेले पुढचे मूलद्रव्य म्हणजे आर्सेनिक, सुमारे ७५. निव्वळ वजनाने जायचे तर जस्तानंतर लगेच आर्सेनिक यावे आणि ते ॲल्युमिनियमच्या खाली बसावे. पण आर्सेनिकची संयुगे ॲल्युमिनियमच्या संयुगांसारखी मुळीच नाहीत, ती फॉस्फरसच्या संयुगांसारखी आहेत. म्हणून मेंडेलीव्ह यांनी आर्सेनिक दोन घरे पुढे सरकवून फॉस्फरसच्या खाली बसवले आणि मधली दोन घरे मोकळी ठेवली. तिथली मूलद्रव्ये अजून सापडायची आहेत, असे त्यांनी ठामपणे लिहिले. एवढेच करून ते थांबले नाहीत, तर त्यांचे गुणधर्मही सांगितले. या अज्ञात मूलद्रव्यांना त्यांनी संस्कृतमधला 'एक' लावून एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन अशी तात्पुरती नावे दिली.

१८७५ साली फ्रान्सच्या लकॉक द बॉइसबॉद्राँ यांना गॅलियम सापडले. त्यांनी त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांचे भाकीत होते ५.९. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्या माणसाने, ज्याने तो शोधला त्याला कळवले की मोजमाप पुन्हा करा. गॅलियम अधिक शुद्ध करून घनता पुन्हा मोजली तेव्हा ती ५.९ च्या आसपास निघाली. १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. ही दोन्हीही मेंडेलीव्ह यांनी सोडलेल्या मोकळ्या घरांतच जाऊन बसली. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळते. हिंगोलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा धातू बाटलीत द्रवरूपातच राहील.

ज्ञात गोष्टींची नीट मांडणी करणारे वर्गीकरण चांगलेच म्हणायचे. पण जे अजून कुणाला ठाऊक नाही त्याविषयी ते बरोबर बोलू लागते, तेव्हा ते निसर्गातल्याच कुठल्यातरी नियमाला भिडलेले असते. मेंडेलीव्ह यांच्या हयातीत तो नियम नेमका काय, हे मात्र कुणालाच सांगता आले नव्हते.

वजन मागे पडले, अणुअंक पुढे आला

वजनाच्या क्रमात काही अडचणी होत्या. टेल्युरियमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९, म्हणजे आयोडीन आधी यायला हवे. पण स्वभावाने आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या रकान्यातले. मेंडेलीव्ह यांनी त्याला तिथेच ठेवले आणि टेल्युरियमचे वजन मोजण्यात चूक झाली असावी असे मानले. मोजणीत चूक नव्हती. पुढे १८९४ मध्ये अरगॉन सापडला तेव्हा तसाच पेच पुन्हा पडला. अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशियम ३९.१०. वजनाने लावायचे तर पोटॅशियमसारखा पाण्यात पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रकान्यात जाऊन बसेल.

हा पेच १९१३ साली हेन्री मोजली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने सोडवला. वेगवेगळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्यांनी मोजली. त्या वारंवारतेचे वर्गमूळ मूलद्रव्यागणिक ठरावीक पायरीने वाढत जाते, असे त्यांना आढळले. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रकावरचा एकेक धनप्रभार. आज आपण त्याला प्रोटॉनची संख्या, म्हणजेच अणुअंक म्हणतो. अरगॉनचा अणुअंक १८, पोटॅशियमचा १९. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. सगळी भांडणे मिटली. शिवाय ४३, ६१, ७२ आणि ७५ या क्रमांकांची मूलद्रव्ये अजून सापडायची आहेत, हेही स्पष्ट झाले, कारण अणुअंक पूर्णांकातच असतो, अर्ध्या-पाऊण घराला तिथे वाव नाही. पुढे ही चारही सापडली. ते पाहायला मोजली मात्र राहिले नव्हते. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत ते वयाच्या २७ व्या वर्षी मारले गेले.

ओळ नेमकी कुठे संपते

अणुअंकाने क्रम ठरला. पण मग एक सरळ लांबलचक ओळ का नाही? ती मधे-मधे तोडून पुढचा भाग खाली का घ्यायचा?

याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन असतात आणि ते केंद्रकाभोवती कवचांमध्ये राहतात. रासायनिक अभिक्रियेत देवाणघेवाण होते ती मुख्यतः सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. नवे कवच सुरू झाले की सारणीत नवी ओळ सुरू होते. या ओळीला आवर्त म्हणतात. बाहेरच्या कवचाची मांडणी सारखी असलेली मूलद्रव्ये एकाखाली एक येतात, त्या उभ्या रकान्याला गण म्हणतात. सात आवर्ते आणि अठरा गण, हा आजच्या सारणीचा सांगाडा.

सात ओळींची लांबी मात्र सारखी नाही: २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२. बेरीज करून पाहा, ११८ येते. ही वाढ कशी होते ते चौथ्या ओळीत नीट कळते. अरगॉनपाशी तिसऱ्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झालेले असतात. या कवचात एकूण १८ मावतात, तरी पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो, कारण तिथे त्याची ऊर्जा कमी राहते. कॅल्शियमचा विसावाही तिथेच. त्यानंतर, २१ व्या स्कँडियमपासून ३० व्या जस्तापर्यंत, आतल्या तिसऱ्या कवचातल्या दहा राहिलेल्या जागा भरल्या जातात. ओळीच्या मधोमध ही दहा मूलद्रव्ये घुसल्यामुळे आठाची ओळ अठराची होते. न्यूलँड्स यांचा आठांचा हिशेब कॅल्शियमपाशीच का अडला, याचे कारण हेच. त्यापुढची ओळ आठाची नव्हतीच.

दोन घरे या शिस्तीत थोडी अवघडलेली आहेत. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तो पहिल्या गणाच्या डोक्यावर बसवतात, पण तो सोडियमसारखा धातू नाही. हेलियमकडे दोन इलेक्ट्रॉन, त्या हिशेबाने तो मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या रकान्यात जायला हवा. पण त्याचे कवच दोनातच भरते, त्यामुळे तो निऑन-अरगॉनसारखा निष्क्रिय राहतो आणि अठराव्या गणात शोभतो. इथेही शेवटचा शब्द स्वभावाचाच.

रकाना वाचायचा तो वरून खाली

आता खताच्या गोणीकडे या. '१०:२६:२६' हे आकडे सोयाबीन आणि हळद घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. नत्र दहा टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी सव्वीस टक्के. यातले स्फुरद आणि पालाश प्रथेप्रमाणे ऑक्साइडच्या रूपात मोजतात. पन्नास किलोच्या गोणीत प्रत्यक्ष मूलद्रव्य काढले तर नायट्रोजन ५ किलो, फॉस्फरस सुमारे ५.७ किलो आणि पोटॅशियम सुमारे १०.८ किलो भरते.

पालाश म्हणजे पहिल्या गणातले पोटॅशियम. त्याच्या डोक्यावर सोडियम. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो गमावून दोघेही एका धनप्रभाराचे आयन होतात आणि दोघांचे क्षार पाण्यात सहज विरघळतात. शेजारच्या दुसऱ्या गणात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, ते दोन इलेक्ट्रॉन गमावतात. एक आणि दोन यांतला हा फरक शेतकऱ्याला चोपण जमिनीत भोगावा लागतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो आणि त्याला धन आयन चिकटून राहतात. तिथे सोडियमचे प्रमाण वाढले की एकेरी प्रभाराच्या, पाण्याचे जाड वेष्टण असलेल्या या आयनांना माती धरून ठेवता येत नाही. कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी कडक होते. तिच्यावर उपाय म्हणून जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट टाकतात. दुहेरी प्रभाराचे कॅल्शियम कणांना घट्ट पकडते आणि सोडियमला हुसकावते. मग चांगला निचरा असेल तर सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जाते. दुसऱ्या गणाने पहिल्या गणाची जागा घेतली, एवढ्या एका वाक्यात हा सगळा उपचार मावतो.

नत्र आणि स्फुरद हे दोघे पंधराव्या गणातले. नायट्रोजन वायू आहे, फॉस्फरस स्थायू. वरवर पाहता दोघांत काही नाते वाटत नाही. पण दोघांच्याही बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात आणि दोघांची संयुगे एकाच साच्यातली निघतात. नायट्रोजनचा अमोनिया, फॉस्फरसचा फॉस्फिन: दोन्हींत तीन हायड्रोजन. रकान्यात आणखी खाली उतरा. फॉस्फरसखाली आर्सेनिक आहे. आर्सेनेट हे फॉस्फेटशी इतके मिळतेजुळते असते की पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते. पुढचे व्यवहार मात्र त्याच्याने होत नाहीत आणि पेशीचे ऊर्जाचक्र बिघडते. पिकाला जीवन देणाऱ्या मूलद्रव्याच्या अगदी खालच्या घरात विष असावे, यात विसंगती नाही. स्वभाव जुळतो म्हणूनच ते विष ठरते. दुसऱ्या गणातही असेच घडते. कॅल्शियमखाली स्ट्रॉन्शियम आहे, आणि अणुचाचण्यांतून पसरलेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० मुलांच्या हाडांत जाऊन बसले ते कॅल्शियमचीच वाट धरून.

डावीकडून उजवीकडे, हळदीच्या साक्षीने

रकाना साम्य दाखवतो, तर ओळ बदल दाखवते. हा बदल पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, हळद पुरते. वसमतची हळद प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिचा पिवळेपणा ज्या कर्क्युमिनमुळे येतो, ते आम्ल-अल्क ओळखणारे उत्तम दर्शक आहे.

गाळणकागदाच्या पट्ट्या हळदीच्या स्पिरिटमधल्या द्रावणात बुडवून वाळवा. एका पट्टीवर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाका. ती लालसर तपकिरी होते. हे सोडियमचे संयुग. दुसरीवर लाकडाच्या राखेची निवळी टाका, पुन्हा लाल. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. तिसरीवर चुन्याची निवळी, तीही लाल. हे कॅल्शियम. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच रंगबदलावर उभी आहे. तिन्ही मूलद्रव्ये सारणीच्या डाव्या कडेची, पहिल्या आणि दुसऱ्या गणातली. आता लाल झालेल्या पट्टीवर लिंबाचा रस पिळा, पिवळा रंग परत येतो.

तिसरी ओळ डावीकडून उजवीकडे चालत जा. सोडियम आणि मॅग्नेशियमचे ऑक्साइड अल्कधर्मी. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आम्लाशीही जुळवून घेते आणि अल्काशीही. सिलिकॉनचे किंचित आम्लधर्मी. फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन यांचे ऑक्साइड पाण्यात आम्ले देतात, त्यांतले गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल सर्वांना परिचित. ओळीच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारे धातू, दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन ओढून घेणारे अधातू, आणि अठराव्या घरात काहीच न देणारा-घेणारा अरगॉन. याचे कारणही सोपे आहे. ओळीत पुढे जावे तसा केंद्रकाचा धनप्रभार वाढतो, पण कवच तेच राहते. म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन अधिकाधिक घट्ट धरले जातात.

धातू आणि अधातू यांच्या सीमेवर तिरकी पायऱ्यांची रेघ असते. तिच्या वरच्या टोकाला बोरॉन आहे, आपल्या पत्रिकेवरचे सर्वांत हलके मूलद्रव्य. हळदीशी ते जसे वागते तसे दुसरे क्वचितच वागेल. कॅरमच्या फळीवर टाकतात ती बोरिक पावडर पाण्यात विरघळवा. द्रावण सौम्य आम्लधर्मी असते, म्हणजे हळद पिवळीच राहायला हवी. पण हळदीची पट्टी त्यात भिजवून वाळवली की ती लाल-तपकिरी होते, आणि त्या डागावर सोड्याचे पाणी सोडले की हिरवट काळी पडते. चुन्याने झालेला लाल रंग असा काळा होत नाही. इथे कर्क्युमिनचे रेणू बोरॉनभोवती बांधले जाऊन निराळेच रंगद्रव्य तयार होते. बोरॉन ओळखण्याची ही जुनी आणि खात्रीची कसोटी आहे. माती-पाण्यातला बोरॉन मोजण्याच्या मान्य पद्धतींतही कर्क्युमिन वापरतात. ज्या जिल्ह्यात हळद पिकते, तिथल्या शाळांत पाचव्या क्रमांकाचे मूलद्रव्य हळदीनेच ओळखायला शिकवता येईल.

मधला पट्टा

पत्रिकेवरची मँगनीज, लोह, तांबे आणि जस्त ही चार सारणीच्या मधल्या पट्ट्यात, तिसऱ्या ते बाराव्या गणांच्या दरम्यान येतात. कृषी सेवा केंद्रात यांची तीन सल्फेटे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, फिकट हिरवे. मोरचूद, म्हणजे तांब्याचे, गडद निळे. जस्ताचे मात्र पांढरे. या पट्ट्यातली मूलद्रव्ये आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही व्यवहारात आणतात. आतले कवच अर्धवट भरलेले असेल तर हे इलेक्ट्रॉन प्रकाशातला काही भाग शोषतात आणि संयुगाला रंग येतो. जस्ताचे ते कवच पूर्ण भरलेले असते, म्हणून त्याचे क्षार रंगहीन.

आतले इलेक्ट्रॉन हाताशी असल्यामुळे यांच्या संयुजाही एकाहून अधिक असतात. लोहाच्या दोन: दोन आणि तीन. सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा या दोन संयुजांचा प्रश्न आलेला असतो. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत लोहाला तोटा नसतो. पण चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनीत ते तीन संयुजेच्या रूपात अविद्राव्य होऊन बसते. मुळांना बहुतेक वेळा दोन संयुजेचे विद्राव्य लोह घ्यावे लागते. म्हणून हिराकशीची फवारणी करतात, कारण त्यात लोह दोन संयुजेचे असते.

खालच्या ओळी आणि औंढ्याची वेधशाळा

सारणीच्या तळाशी दोन पट्ट्या वेगळ्या काढलेल्या असतात, लँथनाइड आणि ॲक्टिनाइड. त्या सहाव्या आणि सातव्या ओळींचाच भाग आहेत, पानाच्या रुंदीत मावत नाहीत म्हणून खाली छापतात. नेहमीच्या जगण्यापासून त्या दूर वाटतात, पण हिंगोली जिल्ह्यात तसे म्हणता येणार नाही.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा तिच्यात सहभाग आहे. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण धावणार आहे. या यंत्राची सामग्री सारणीवर ठेवून पाहण्यासारखी आहे. नळ्यांच्या पोलादात लोह, क्रोमियम आणि निकेल आहेत, तिन्ही चौथ्या ओळीच्या मधल्या पट्ट्यातली. प्रत्येकी चाळीस किलोचे आरसे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे. त्यांच्यावरच्या लेपात टँटलम आणि टायटॅनियम, म्हणजे पाचव्या आणि चौथ्या गणातले शेजारी.

या प्रकारच्या लेसरचा स्फटिक मुळात इट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा असतो. त्यातल्या थोड्या इट्रियमच्या जागी निओडिमियम बसवतात. प्रकाश निर्माण करण्याचे काम तेच करते. निओडिमियम तळाच्या लँथनाइड पट्टीतले आणि इट्रियम तिसऱ्या गणात पाचव्या ओळीत, तरी जागेची अदलाबदल जमते, कारण दोघेही तीन इलेक्ट्रॉन गमावतात आणि आकाराने बरेच जवळ आहेत. चोपण जमिनीत सोडियमची जागा कॅल्शियम घेते, पेशीत फॉस्फेटची जागा आर्सेनेट बळकावते आणि लेसरच्या स्फटिकात इट्रियमच्या जागी निओडिमियम येते, या तिन्ही घटनांचा तर्क एकच आहे.

पहिली तीसच का?

आता पहिला प्रश्न: पत्रिकेवरची सगळी मूलद्रव्ये पहिल्या तीसातच का? मूलद्रव्ये कुठे घडली, यात त्याचे उत्तर आहे. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच होते. पुढची मूलद्रव्ये ताऱ्यांनी घडवली. ती कशी घडली याचा पाया घालणारा निबंध मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली लिहिला. या हॉइल यांचेच शिष्य जयंत नारळीकर यांनी पुढे पुण्यात आयुकाची स्थापना केली. ताऱ्याच्या पोटात हलकी केंद्रके जुळून ऊर्जा मिळते ती साधारण लोहापर्यंतच. त्यापुढची केंद्रके जुळवायला उलट ऊर्जा खर्ची पडते. म्हणून लोहाच्या आसपासची मूलद्रव्ये विश्वात बऱ्यापैकी मुबलक आहेत आणि त्यानंतर प्रमाण झपाट्याने घसरते. सजीवांनी बहुतांशी जे मुबलक होते तेच वापरले. अपवाद आहेत. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, त्यांच्या विकराला ४२ व्या क्रमांकाचे मॉलिब्डेनम लागते. बोरॉन तर ताऱ्यांत टिकतच नाही. अवकाशातले वैश्विक किरण कार्बन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळून त्यांचे तुकडे होतात, त्यांतून तो तयार होतो.

सोने, प्लॅटिनम आणि लँथनाइडांचा मोठा भाग मात्र याहून भयंकर घटनांतून येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी आणि इटलीतल्या व्हर्गोने सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली. मागोमाग दुर्बिणींनी त्या जागेचा प्रकाश अभ्यासला आणि २०१९ मध्ये त्यात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. सारणीतली जड घरे कशी भरली गेली, याचा हा आजवरचा सर्वांत थेट पुरावा. औंढ्याची वेधशाळा कामाला लागली की अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे आजच्यापेक्षा अधिक अचूक सांगता येईल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील.

२०१६ साली ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांची नावे जाहीर झाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली. सारणी म्हणून ती पुरी झाली असली तरी विषय संपलेला नाही. मराठवाड्यातल्या विज्ञान शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. आवर्तसारणी शिकवताना गावातल्या एखाद्या शेताची जमीन आरोग्य पत्रिका वर्गात आणा, तिच्यावरची नऊ मूलद्रव्ये मुलांना तक्त्यावर शोधू द्या आणि प्रत्येक घरापाशी थांबून त्याच्या वर कोण, खाली कोण, शेजारी कोण, हे विचारा. एक दिवस हळदीच्या पट्ट्या करा. असा प्रश्न विचारायची सवय लागलेल्या मुलाला सारणी पाठ करावी लागणार नाही, आणि त्याच्याच जिल्ह्यात उभी राहत असलेली वेधशाळा काय शोधणार आहे, हेही त्याला परके वाटणार नाही.